वाघ्या नावाचा विमा

दहिवली, कर्जत
मंगळवार, ९ जानेवारी २०२४

ती. हरेशदादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी फोन उचलशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, उचलू नकोस. हर्षलाच्या लग्नाचं, मावशीच्या गुडघ्याचं, पापडांचं आपण फोनवर बोलू. विम्याचं मात्र यापुढे कागदावरच. दोन वर्षांपूर्वी वादळात तुझ्या गोदामाचे पत्रे उडाले, तेव्हा 'मी जागृतीला फोनवर हो म्हणालो होतो, तीच विसरली' असं तू अख्ख्या नात्यात सांगत फिरलास. मी बारा घरी चहा प्यायले आणि बारा घरी खुलासा दिला. तू मावसभाऊ आहेस म्हणून बोलणं सोडलं नाही, पण कानाला खडा लावलाय.

आता कामाचं. तुझ्या भातगिरणीत सात माणसं आहेत. दहा असती तर सरकारी कामगार विमा योजनेत तुला जावंच लागलं असतं. तू सातावर थांबलास आणि सुटलो म्हणून खूश आहेस, हे मला मावशीनेच सांगितलं. पण योजनेतून सुटलास, कायद्यातून नाही. कामावर असताना माणसाला लागलं, तर त्याचा दवाखाना मालकाचा. तो घरी बसला, तर अर्धा पगार मालकाचा. हात किंवा पाय कायमचा अधू झाला तर त्याची भरपाई वेगळी, आणि त्याहून वाईट झालं तर त्याच्या बायकापोरांची. हे सगळं एका मोटरच्या पट्ट्यात बोट अडकण्याइतकं जवळ आहे.

ही जोखीम कंपनीवर टाकायची पॉलिसी असते. वर्षाला एक हप्ता, सातही माणसं त्यात. फॉर्म सोबत जोडलाय. तुझा टेंपोवाला पोपट मंगळवारी आणि शुक्रवारी तांदूळ घेऊन कर्जतला येतोच, उत्तर त्याच्या हाती दे. आणि पाकीट चिकटव.

तुझी,
जागृती

*

खालापूर
शुक्रवार, १२ जानेवारी

चि. जागृती,

लेखी मागितलंस, लेखी घे. गिरणीच्या बिलबुकाची मागची बाजू आहे, त्यामुळे उलट्या बाजूला कोणाचा तरी बारीक कोलम दिसेल, तिकडे लक्ष देऊ नको.

पॉलिसी नको. कारण सांगतो. वर्षभर हप्ता भरायचा आणि वर्षभर कोणी पडलंच नाही, तर पैसे परत येतात का? नाही येत. मग मी काय करू, डिसेंबरात एखाद्याला ढकलू? माझ्या गिरणीत वडिलांपासून आजवर कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पोपटचं म्हणशील, तर तो मांजराच्या जातीचा आहे, वरून टाकला तरी चार पायांवर उतरेल.

पण तू म्हणतेस त्यात तथ्य आहे, म्हणून मी माझा स्वतःचा विमा काढलाय. परवा बाजारातून चार बोकड आणि दोन शेळ्या आणल्या. गिरणीच्या मागे बांधल्यात. कोंडा घरचा, पाला फुकटचा. कोणाला काही झालं की बोकड विकायचा आणि दवाखाना भागवायचा. तुझा हप्ता मार्च आला की मेला. माझा हप्ता पिल्लं देतो. ही गोष्ट तुझ्या कंपनीत कोणाच्या डोक्यात आली नाही, याचं मला नवल वाटतं.

आणि हेही लेखीच घे. माझ्या सात माणसांपैकी कोणालाही माझ्या कामावर लागलं, तर तो आपल्या पायावर उभा राहीपर्यंत त्याचा पूर्ण पगार आणि सगळं औषधपाणी माझ्याकडे. कायदा अर्धा सांगत असेल तर सांगो. मी कागद मागणार नाही आणि कोणाकडे बोट दाखवणार नाही. हरेश बोलला म्हणजे झालं.

खाली गिरणीचा शिक्का मारलाय. आता फाइलला लाव आणि निवांत झोप.

हरेशदादा

*

कर्जत
मंगळवार, १६ जानेवारी

ती. दादा,

पत्र फाइलला लावलं. विम्याच्या फाइलला कोंड्याचा वास पहिल्यांदाच आला.

तुला वाटतं तू नवीन काही शोधलंस. अरे, मोठे मोठे कारखानेवालेही असं करतात. कंपनीला हप्ता देण्याऐवजी स्वतःचाच निधी ठेवतात. पण त्यांच्याकडे माणसं हजारांनी असतात, वर्षाला किती पडतील याचा अंदाज काढता येतो. तुझ्याकडे सात. त्यात एक पडला की तुझा अंदाज, तुझा निधी आणि तू, सगळे एकदम पडता. शिवाय त्यांचा निधी मालकाच्या हाताला लागणार नाही अशा जागी असतो. तुझा निधी दाव्याला बांधलेला आहे, त्याला सुरी लागते, आणि तुझ्या घरी दर रविवारी पाहुणे असतात.

करायचंच असेल तर बँकेत वेगळं खातं काढ, काढताना वहिनीचीही सही लागेल असं कर. खाण्याजोगं काही ठेवू नकोस. एवढंही जमत नसेल तर निदान शेळ्यांचा विमा काढू का? तोही मिळतो, हसू नकोस.

जागृती

*

खालापूर
शुक्रवार, १९ एप्रिल

चि. जागृती,

तू हसत होतीस ना, आता आकडा ऐक. एक शेळी व्याली आणि निधी सातावर गेला. सात माणसं, सात जनावरं. मी सगळ्यांना गिरणीसमोर उभं केलं आणि माणशी एक जनावर नावावर लावून दिलं. प्रत्येकजण आता येता-जाता आपापल्या विम्याला पाला घालतो. कुठल्या कंपनीचा माणूस आपल्या पॉलिसीला असा कुरवाळत असेल, सांग.

पोपटला वाघ्या आला. वाघ्या म्हणजे तो काळा बोकड, शिंगं मागे वळलेली, डोळे लाचलुचपत खात्याच्या साहेबासारखे. अंगात इतकी रग की दोर बांधायला दोन माणसं लागतात. पोपट म्हणाला, "शेठ, माजा इमा मलाच मारील वाटतं." मी म्हटलं, "अरे, विमा तगडा असावा रं."

मे महिन्यात हर्षलाची हळद आहे. पत्रिका फोनवर नाही, घरी आणून देईन. येताना पोट रिकामं ठेव.

हरेशदादा

*

कर्जत
मंगळवार, २८ मे

ती. दादा,

हर्षला सासरी रुळली का? हळदीत पोर किती गोड दिसत होती. तुझे डोळे दिवसभर ओले होते, ते मी पाहिलं, उगाच कांद्यावर ढकलू नकोस.

आता दुसरं. हळदीला मी दोनदा रस्सा मागून घेतला. तिसऱ्यांदा पोपट बादली घेऊन आला, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "ताई, ह्यो तिघा हमालांचा इमा हाय. आनखी वाढू?"

मी वाटी बाजूला सारली. मी, विमा प्रतिनिधी, पंधरा वर्षांचा अनुभव, तीन कामगारांचं भवितव्य भाकरीला लावून खाल्लं. दादा, तू काय केलंस हे? बाकीची जनावरं कुठे आहेत ते लेखी कळव.

जागृती

*

खालापूर
शुक्रवार, ३१ मे

चि. जागृती,

रस्सा चांगला झाला होता की नाही ते तू लिहिलं नाहीस.

लेकीची हळद होती. चारशे पान उठलं. दारात बोकड बांधलेले असताना मी बाजारातून मटण विकत आणलं असतं तर लोकांनी मला शहाणा म्हटलं असतं का? तीन बोकड त्यात गेले. दोन्ही शेळ्या आणि पिल्लू बँडवाल्याने नेलं, पैशांऐवजी जनावरं असं त्याचं आणि माझं ठरलं होतं. दिवाळीनंतर निधी पुन्हा भरतो. तोवर पाच महिने कोण पडतंय?

आणि निधी संपलाय असं समजू नको. वाघ्या आहे. त्यालाही खाटकाने दोर लावला होता, पण हर्षला त्याच्या गळ्यात पडून रडली. 'बाबा, याला कापायचं नाय आणि इकायचंबी नाय,' असं वचन तिने पाठवणीच्या वेळी माझ्याकडून घेतलं. त्या वेळी बाप कशालाही हो म्हणतो.

म्हणजे निधीत एक नग शिल्लक आहे. फक्त तो वापरता येत नाही.

हरेशदादा

*

खालापूर
बुधवार, १४ ऑगस्ट

चि. जागृती,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. पाऊस चांगला आहे. आईचा गुडघा बरा आहे. गिरणी सध्या थंड आहे, पावसाळ्यात असतेच.

एक सहज विचारायचं होतं. माझं नाही, खोपोलीकडचे एक ओळखीचे आहेत, त्यांचंही असंच छोटं काम आहे. त्यांच्याकडचा एक माणूस पत्र्यावर डांबर लावायला शिडीवर चढला होता. त्या शिडीला कोणीतरी एक जनावर बांधलं होतं. जनावर कशाला तरी बुजलं आणि पळालं. आता जनावर पळाल्यावर शिडी कशी थांबणार? माणसाच्या डाव्या नडगीचं हाड मोडलं. दवाखान्यात पट्टी टाकून स्क्रू बसवलेत. डॉक्टर म्हणतात तीन महिने पाय टेकायचा नाही, पुढचं पुढे बघू.

तर प्रश्न असा की हे कामावरचं धरायचं का? तो माणूस मुळात डांबर लावायला ठेवलेलाच नाही, त्याचं काम वेगळं आहे. आणि चूक तर जनावराची आहे.

दुसरं, तू जानेवारीत दिलेला तो फॉर्म माझ्याकडे अजून आहे. तो आता भरून दिला, आणि तारीख जुलैची टाकली, तर काही अडेल का? तुझ्या हातात असेल तर बघ. या ओळखीच्या माणसासाठीच विचारतोय.

हरेशदादा

*

कर्जत
शनिवार, १७ ऑगस्ट

ती. दादा,

तुझं पत्र पोपटने आणलं नाही. दूधवाल्या नागूने आणलं. मी सहज विचारलं, "पोपट कुठाय रे?" नागू माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "शेठ म्हनले, कुनी इचारलं तर आपल्याला काय ठावं नाय." मग मी काही विचारलं नाही. दोन आठवडे तांदळाचा टेंपोही बाजारात आलेला नाही.

तुझ्या त्या खोपोलीकडच्या ओळखीच्या माणसाला माझं उत्तर सांग. मालकाने सांगितलं म्हणून माणूस शिडीवर चढला, तर ते काम मालकाचंच. तो ड्रायव्हर असो की हिशेबनीस. जनावर मालकाचं, शिडी मालकाची, पत्रा मालकाचा. त्या सगळ्यात मालकाचा नसलेला एकच पाय होता आणि तोच मोडला.

तारखेचं. दादा, हे तू मला विचारायला नको होतंस. मी मागची तारीख टाकणार नाही. सख्ख्या भावासाठीही टाकली नसती. पंधरा वर्षं मी कर्जत-खालापुरात दारोदार फिरतेय, लोक मला आत बोलावतात ते या एकाच कारणासाठी. ते गेलं तर माझ्याकडे पिशवी आणि छत्री एवढंच उरेल.

डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला हे सुचलंय का, विचार. तो पाय नीट झाला नाही तर तुझ्याकडेच काय, कोणाकडेच तो माणूस टेंपो चालवू शकणार नाही.

जागृती

*

खालापूर
मंगळवार, २० ऑगस्ट

जागृती,

तुला विचारायलाच नको होतं. माणूस अडचणीत नातेवाइकाला विचारतो आणि नातेवाईक त्याला कायद्याची कलमं वाचून दाखवतो. मी कोणाचं तरी सहज विचारलं, आणि तू लगेच माझ्या गिरणीत शिरलीस. जानेवारीतच पॉलिसी घेतली असती तर तुला कमिशन मिळालं असतं, ते हुकलं म्हणून एवढा राग का?

पोपट तापाने घरी आहे. बाकी काही नाही. आणि दवाखान्याच्या कागदावरही तो घरीच पडला असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

यापुढे विम्याचं फोनवरही नको आणि कागदावरही नको.

हरेश

*

कोंडाणे
रविवार, २५ ऑगस्ट

जागृतीताईंना पोपटचा नमस्कार,

ताई, पत्र टपालाने पाठवतो हाय, कारन आणणारा मीच तर घरी पडून हाय. अक्षर बघून हसू नका. दहावीला दोनदा बसलो, दोनदा उठलो.

आधी माफी मागतो. तुमची आणि शेठची सगळी पत्रं मी वाचलेली हायत. शेठ पाकीट चिकटवत नव्हते आणि तुमचं पाकीट उन्हात आपोआप सुटायचं. पळसदरीच्या पुढं टेंपो सावलीला लावायचो आणि वाचायचो. वाईट हेतू नव्हता. माणसाला आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचावंसं वाटतं. मांजराच्या जातीचा म्हनले ते पन वाचलं. मी चार पायांवर नाय उतरलो ताई, एकाच पायावर उतरलो.

तीन ऑगस्टला झालं. पत्रा गळत होता, तांदळाची पोती भिजत होती. शेठ म्हनले चढ, मी चढलो. खाली वाघ्याला शिडीला बांधला होता. ढग गडगडला, वाघ्या पळाला, शिडी त्याच्या मागं गेली, मी शिडीच्या मागं. दोर कुनी बांधला ते मला आठवत नाय.

दवाखान्यात शेठनी घरी पडला असं सांगितलं. मी गप बसलो. पैसे त्यांनी तिथले भरले, खोटं कशाला बोलू. पन नंतर घरी आले नाहीत. पगारबी आला नाय. सुंदरा, म्हंजे माझी बायको, म्हनते गिरणीत जाऊन बसते. मी म्हनलो, थांब.

ताई, जानेवारीत शेठनी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. शिक्का मारलेलं, पूर्ण पगाराचं. ते मी तीन वेळा वाचलंय. ते तुमच्याकडं अजून हाय का? मला कोर्टात जायचं नाय. चौदा वर्षं त्यांचा टेंपो चालवलाय. ते पत्र शेठनी फक्त एकदा वाचावं, येवढंच म्हननं हाय.

आणि वाघ्या कसा हाय ते कुनाकडून कळलं तर कळवा. शेवटी नावावर माझ्याच हाय.

आपला,
पोपट

*

कर्जत
मंगळवार, २७ ऑगस्ट

ती. दादा,

तू लिहू नको म्हणालास, म्हणून मी काही लिहीत नाही. या पाकिटातलं पत्र माझं नाही, तुझंच आहे. बारा जानेवारीचं. कोंड्याचा वास अजून येतो.

मूळ प्रत पाठवतेय. झेरॉक्स काढलेली नाही, फोटोही नाही. अर्धा पगार आणि औषधपाणी कायदा पोपटला देईल, त्याला या कागदाची गरज नाही. उरलेला अर्धा फक्त या कागदावर होता. आता तो तुझ्या हातात आहे. वाच आणि हवं तर चुलीत घाल. मला विचारायला कोणी आलं तर मी म्हणेन, फाइलमध्ये नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी पुरावा हातचा सोडलाय. भीती वाटतेय, पण सोडलाय.

तुझी,
जागृती

*

मंगळवार, ३ सप्टेंबर

चि. जागृती,

गाव लिहिलं नाही, कारण हे पत्र मी टेंपोत बसून, स्टिअरिंगवर पाटी ठेवून लिहितोय. अक्षर हललं तर समजून घे.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी मी गिरणीत एकटाच होतो. आधी वाटलं, बरं झालं, सुटलो. चुलीत घाल म्हणालीस, पण आमच्याकडे आता चूल नाही, गॅस आहे, आणि गॅसवर पत्र जाळायचं म्हणजे आई दहा प्रश्न विचारणार. म्हणून खिशात ठेवलं. मग खिशातून काढून वाचलं. 'हरेश बोलला म्हणजे झालं' इथपर्यंत आलो आणि मला माझीच इतकी लाज वाटली की समोरच्या वजनकाट्यावर कोणी नसताना मी मान खाली घातली. जागृती, ते पत्र लिहिताना मी खोटं लिहिलं नव्हतं गं. तेव्हा कोणी पडलेलं नव्हतं, एवढंच.

रविवारी कोंडाण्याला गेलो. सुंदराने पाणी दिलं आणि आत निघून गेली. पोपट खाटेवर होता, पाय उशीवर. मी खिशातून पत्र काढलं आणि त्याच्यासमोर मोठ्याने वाचायला लागलो. दोन ओळी वाचल्या आणि बघतो तर पोपट डोळे मिटून माझ्या आधी शब्द म्हणतोय. 'तो आपल्या पायावर उभा राहीपर्यंत' हे तर त्याने माझ्या आधी संपवलं. त्याला ते पत्र तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "कधी पाठ केलंस रं?" तर म्हणाला, "शेठ, त्यो कागद वाचला व्हता म्हनून तर शिडीवर चढलो. मी ड्रायवर मानूस, मला उंचीचं भ्या वाटतं. पन म्हनलं, आपला इमा झालाय."

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. हळदीला रडलो त्याहून जास्त. या वेळी कांद्याचं नावही घेत नाही.

आता एक गोष्ट तुला लेखी देतो, कारण ती आजवर कुठेच लेखी नाही. पोपटने तुला कळवलंय की दोर कोणी बांधला ते आठवत नाही. तसं लिहिल्याचं त्याने मला स्वतः सांगितलं. त्याला चांगलं आठवतं. वाघ्याचा खुंटा चिखलात उपटला होता, म्हणून वाघ्याला शिडीला मी बांधला. पोपट वरून ओरडला होता, "शेठ, शिडीला नको." मी म्हटलं, "गप रं, दोन मिनिटांचं काम हाय." ही गोष्ट त्याने तुझ्यापासूनही लपवली, माझ्यासाठी. मी मात्र त्याचा पाय लपवायला निघालो होतो.

काल दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी दहा माणसांसमोर माझी चांगली हजेरी घेतली आणि मग कागद दुरुस्त केला. ऑगस्टचा पूर्ण पगार पोपटच्या घरी पोचलाय, पुढचाही पोचेल. पाय टेकायला लागला की क्लच दाबता येतो का ते बघू. नाही आला तर काट्यावर बसेल, पगार टेंपोचाच. हेही लेखीच समज. त्या जानेवारीच्या कागदाची मी झेरॉक्स काढून गिरणीच्या दारावर चिकटवलीय, सातही जणांना दिसेल अशी. मूळ प्रत परत पाठवतोय. फाइलला लाव.

कमिशनचं मी जे लिहिलं ते पत्र मात्र फाइलमधून काढून टाक. तुझ्याबद्दल तसं लिहायला माझा हात कसा वळला, मला कळत नाही. चुकलो.

जानेवारीचा फॉर्म भरलाय. तारीख आजची आहे. यापूर्वी अपघात झाला आहे का, असं त्यात विचारलंय. मी लिहिलं, होय. कारण विचारलंय, तर लिहिलं, मालकाने बोकड शिडीला बांधला. तुझ्या कंपनीने हसून हप्ता वाढवला तर वाढवू दे, मी भरेन. वाघ्याला हर्षलाच्या सासरी पोचवून आलो. व्याह्यांच्या घरी दोन शिड्या आहेत, त्यांना सगळं समजावून सांगितलंय. पोपटला म्हटलं, तुझा विमा बदलतोय, चालेल ना? तर म्हणाला, "नवीन इमा शिंगं नसलेला बघा."

हे पत्र नागूकडे दिलेलं नाही. लिहिणारा मी आणि आणणाराही मीच. टेंपो तुझ्या दाराबाहेर उभा आहे, खिडकीतून बघ. शेजारच्या सीटवर पोपट बसलाय, कुबडी मांडीवर घेऊन. फॉर्मवर मी सही करताना त्याला समोर राहायचंय, माझ्यावर आता त्याचा तेवढाच भरवसा आहे आणि तो बरोबर आहे. पण म्हणतो, आधी ताईंचं पत्र वाचून होऊ द्या, मग उतरतो. पाकीट या वेळी मी घट्ट चिकटवणार म्हटलं, तर गाल फुगवून बसलाय.

सीट उंच आहे आणि त्याला उतरायला दोन्ही बाजूंनी धरावं लागतं. मी एकटा पुरत नाही. वाचून झालं की बाहेर ये.

हरेशदादा